विद्यार्थ्यांचा जॅझ बँड आणि १९६६ची फूट

१९६६च्या शरद ऋतूत लंडनमधल्या एका बँडपुढे अजब प्रस्ताव आला. तुमचं नाव सोडा, आमचं नाव लावा, वाजवता तसंच वाजवत राहा, पैसे चांगले मिळतील. हा बँड चार वर्षांपूर्वी कला महाविद्यालयांतल्या मुलांनी हौस म्हणून जमवला होता. प्रस्ताव घेऊन आला तो त्यांचाच ट्रम्पेटवाला.

हा प्रस्ताव का आला, बँडने त्याचं काय केलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते इथे मांडलं आहे. ‘बॉन्झो डॉग डू-डा बँड’ हा बँड नामांकित आहे आणि मुख्य माणसं सार्वजनिक जीवनातली आहेत, म्हणून त्यांची नावं घेतली आहेत. सुरुवातीला येऊन गेलेल्या आणि पुढे आपापल्या वाटेने गेलेल्या मुलांची नावं मात्र गाळली आहेत. त्यांना वाद्यावरून ओळखावं.

पार्श्वभूमी

ब्रिटनमधल्या पोरांनी जुना जॅझ उचलला तो तबकड्यांवरून, आणि त्याला कारण होतं. १९३५पासून जवळजवळ वीस वर्षं अमेरिकी बँडना तिथे वाजवण्याची परवानगी मिळणं मुश्कील होतं. दोन्ही देशांतल्या वादक संघटनांचं बिनसलेलं होतं आणि सरकार त्यात आपल्या संघटनेच्या बाजूने उभं होतं. लुई आर्मस्ट्राँग आपला बँड घेऊन युद्धानंतर पहिल्यांदा लंडनला आला तो १९५६मध्ये. तोवर एक अख्खी पिढी ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकड्यांना कान लावून शिकली होती. चाल ट्रम्पेटने धरायची, तिच्यावर क्लॅरिनेटने वेलबुट्टी काढायची, खालून ट्रॉम्बोनने घसरत साथ द्यायची, ठेका बँजो आणि ट्यूबा या मोठ्या पितळी वाद्याचा. न्यू ऑर्लिन्सच्या या १९२०च्या आसपासच्या शैलीला इंग्रज पोरं लाडाने ‘ट्रॅड’ म्हणत. आपल्याकडे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट घराघरांत गेले ते सिनेमातून. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) गोव्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन पडद्यावरही दिसतो. ब्रिटनमध्ये हेच काम कॉलेजच्या नाचांनी आणि पबच्या मागच्या खोल्यांनी केलं.

त्यातही कला महाविद्यालयं पुढे होती. १९५५मध्ये चेल्सी स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी ‘टेम्परन्स सेव्हन’ हा बँड काढला. नावात सात, मंचावर नऊ. जुने कोट, टाय, गंभीर चेहरे आणि कर्ण्यातून कुजबुजल्यासारखं गाणारा गायक. मे १९६१मध्ये त्यांची एक तबकडी ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. निर्माता होता पार्लोफोन या तबकडी कंपनीचा जॉर्ज मार्टिन, आणि ते त्याचं पहिलंच अव्वल गाणं. पुढच्याच वर्षी तो बीटल्सना घेऊन स्टुडिओत बसला आणि ट्रॅडची लाट ओसरायला लागली. आपला बँड जमला तो नेमका या वळणावर. लाट येताना नाही, जाताना.

रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या एका ट्रम्पेटवाल्याने आणि बँजोवाल्याने पहिली मोट बांधली. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा रॉडनी स्लेटर आधीच एका कॉलेज बँडमध्ये होता. त्याच्यामागे एक ट्रॉम्बोनवाला आणि एक सूझाफोनवाला (सूझाफोन म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचा ट्यूबा). सेंट्रल स्कूल ऑफ आर्टचा व्हिव्हियन स्टॅनशॉल ट्यूबा घेऊन आला. स्लेटर आणि स्टॅनशॉल यांचं मेतकूट जमलं ते सप्टेंबर १९६२च्या एका रात्री, दक्षिण लंडनमधल्या एका घरात, फ्लॉइड पॅटरसन आणि सनी लिस्टन यांची मुष्टियुद्धाची लढत ऐकायला बसले असताना. लिस्टनने ती दोन मिनिटं सहा सेकंदांत संपवली, त्यामुळे गप्पांना भरपूर वेळ उरला असणार. कागदाच्या चिठ्ठ्यांवर शब्द लिहून, उलटसुलट जुळवून नाव ठरवण्यात आलं. तर्काला फाटा देणाऱ्या दादावादी चित्रकारांचा हा खेळ कलेच्या विद्यार्थ्यांना चांगला ठाऊक होता. त्यातून ‘बॉन्झो डॉग दादा बँड’ निघालं. बॉन्झो हे १९२०च्या दशकातल्या ब्रिटिश व्यंगचित्रांतलं लाडकं कुत्रं. ‘दादा’ म्हणजे काय हे प्रत्येकाला सांगून कंटाळा आला, तेव्हा त्याचं ‘डू-डा’ झालं.

पुढच्या वर्षभरात नील इनिस आला. तो लंडन विद्यापीठाशी जोडलेल्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात चित्रकला शिकत होता आणि पियानोचं शिक्षण घेतलेल्या मोजक्यांपैकी होता. स्टॅनशॉलला त्याने पहिल्यांदा पाहिलं ते न्यू क्रॉसच्या एका पबमध्ये: व्हिक्टोरियन कोट, चौकड्यांची विजार, काखेत युफोनियम (छोटा ट्यूबा) आणि डोक्याला दोन मोठे रबरी कान. गोल्डस्मिथ्सचाच एक व्याख्याता बँजो आणि बास वाजवायला यायचा. रॉजर रस्किन स्पिअर सॅक्सोफोनबरोबर घरी जोडलेले यंत्रमानव आणायचा, मग मंचावर काही ना काही फुटायचं.

पहिला निर्णय इथेच झाला, तोही कोणी बैठक घेऊन नाही. ज्यांना ट्रॅड नीट वाजवायचा होता ते एकेक करून बाहेर पडले. उरले ते अर्धवट वाजवणारे आणि पुरते चक्रम. उत्तम वादकांशी स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता. तेव्हा जुन्या बाजारात जाऊन चार पेन्सना मिळतील त्या ७८च्या तबकड्या आणायच्या आणि त्यांतली विसरलेली, बावळट, विनोदी गाणी उचलायची, असा रिवाज पडला. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची ही गाणी दुसऱ्या कोणालाच नको होती, म्हणून ती फुकटात आपली झाली असं सगळ्यांना वाटलं. या वाटण्यातच पुढच्या अडचणीचं बी होतं.

अडचण

कॉलेजात असताना बँडचा खर्च फारसा नव्हता. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला राहण्याखाण्यासाठी सरकारी अनुदान मिळे, १९६२च्या कायद्याने ते आणखी पक्कं झालं. पबमध्ये मिळणारी बिदागी म्हणजे वरखर्च. १९६६मध्ये मात्र बँड पूर्णवेळ झाला. एजंट आला. उत्तर इंग्लंडमधल्या कामगार क्लबांचे दौरे सुरू झाले, रात्री उशिरा संपणारे, व्हॅनमधून परत येण्याचे. पोट आता याच्यावर होतं.

त्याच वर्षी पार्लोफोनने त्यांच्या दोन तबकड्या काढल्या. पहिली एप्रिलमध्ये: बोलपटांसाठी तोंडाने आवाज काढणाऱ्या भावाबद्दलचं एक जुनं गाणं. दुसरी ऑक्टोबरमध्ये. दोन्ही तबकड्या खपाच्या यादीत कुठे चढल्या नाहीत. मंचावर लोक हसून लोळायचे, पण तबकडीत रबरी कान दिसत नाहीत.

इतक्यात जेफ स्टीफन्स या गीतकाराने ‘विंचेस्टर कॅथीड्रल’ हे गाणं केलं. १९२०च्या दशकाचा बाज, कर्ण्यातून आल्यासारखा आवाज, वादक सगळे स्टुडिओतले भाड्याचे. तबकडीवर नाव छापलं ‘न्यू व्हॉडव्हिल बँड’, आणि असा बँड अस्तित्वातच नव्हता. गाणं ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं, डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, पुढे त्याला ग्रॅमीही मिळालं. आता दूरचित्रवाणीवर आणि दौऱ्यांवर उभं करायला हाडामांसाचा बँड हवा होता. लंडनमध्ये हा बाज रोज रात्री वाजवणारे लोक कोण, हे शोधायला स्टीफन्सला फार लांब जावं लागलं नाही. बॉन्झोचा ट्रम्पेटवाला बॉब कर याच्याकडे विचारणा झाली. तो ती घेऊन मित्रांकडे आला: आपण सगळेच न्यू व्हॉडव्हिल बँड होऊ या.

वरवर पाहता हा नाव बदलण्याचा प्रश्न. आत डोकावलं की गुंता दिसतो. शैली कोणाच्या मालकीची नसते. कर्ण्यातून गाणं रूडी व्हॅलीने अमेरिकेत १९२०च्या दशकात लोकप्रिय केलं होतं, टेम्परन्स सेव्हनने ते लंडनमध्ये पुन्हा आणलं, बॉन्झोंनी त्याची टर उडवली. आमची शैली उचलली असं बॉन्झो नंतर म्हणत राहिले. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, पण जुन्या बाजारातून उचललेल्या मालावर चोरीची फिर्याद कशी करणार? गाणी त्यांची नव्हती, त्यामुळे लेखनाचं मानधन त्यांना मिळत नव्हतं. स्टीफन्सने मात्र नवं गाणं जुन्या कपड्यात घातलं होतं, म्हणून त्याच्या प्रत्येक तबकडीवर त्याला लेखक म्हणून पैसे सुटत होते. दोघांचा आवाज एकसारखा, व्यवहार एकदम उलटे. आणि लाटेच्या शेवटी सुरू झालेल्या बँडकडे वाट पाहायला फार वेळही नव्हता.

पर्याय

पर्यायांची मांडणी माझी आहे. त्यांच्यापैकी कोणी वहीत रकाने पाडून बसलं असेल असं वाटत नाही.

पहिला अर्थातच प्रस्ताव स्वीकारण्याचा. नाव दुसऱ्याचं, गाणी दुसऱ्याची, पण पगार नियमित आणि अमेरिकेचा दौरा समोर. पूर्णवेळ होऊन जेमतेम काही महिने झालेल्या बँडला हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कर याला तो पटला, यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तो वादक होता आणि त्याला वाजवायचं होतं.

दुसरा, होतो तसंच राहायचं. यात धोका असा की लोक आता मूळ आणि नक्कल उलटी धरणार. दूरचित्रवाणीवर न्यू व्हॉडव्हिल बँड पाहिलेला प्रेक्षक क्लबात येऊन म्हणणार, ‘अरे, हे त्या अमक्यांसारखं करतात की!’ आणि तसं होऊही लागलं. विनोद करणाऱ्याला याहून वाईट काही नाही. टर उडवणाऱ्यालाच कोणी नक्कल समजलं की टर संपते.

तिसरा, १९२०चं दशक मागे टाकायचं आणि दुसरं काही धरायचं. अवघड, कारण बँडची ओळख, वाद्यं, कपडे, लोकांची अपेक्षा सगळं त्या दशकाला बांधलेलं.

चौथा पर्याय सगळे विसरतात. परत हौशी व्हायचं. चित्रकला शिकवायची, शनिवारी पबमध्ये वाजवायचं. ब्रिटनमधले बहुतेक विद्यार्थी ट्रॅड बँड याच वाटेने गेले आणि कित्येक दशकं सुखाने वाजवत राहिले. या वाटेला अपयश म्हणणं मला मान्य नाही. पण स्टॅनशॉलसारखा माणूस आठवड्यातून एकच रात्र रबरी कान लावून समाधानी राहिला असता, हेही खरं वाटत नाही.

काय केलं

बँडने नकार दिला, कर गेला. तमाशाचा फड फुटला की गाणी, वग आणि वाद्यं कोणाकडे जायची यावर भांडण होतं. इथे वाटायला काही नव्हतंच, कारण सामायिक मालमत्ता म्हणजे फक्त एक बाज, आणि तो दोघांकडेही राहिला.

मग उरलेल्यांनी तिसरा पर्याय धरला, तोही झपाट्याने. न्यू व्हॉडव्हिल बँड पडद्यावर पाहून त्यांनी ठरवलं की आता कशाचीही टर उडवायची: १९५०चं रॉक अँड रोल, ब्लूज, जाहिराती, रेडिओ निवेदक. आणि मुख्य म्हणजे गाणी स्वतः लिहायची. स्टॅनशॉल आणि इनिस लिहू लागले. इनिसला चाल बांधता येई, स्टॅनशॉलला भाषेचं वेड होतं. चार वर्षं बाजारातल्या तबकड्यांवर काढल्यावर ही जोडी सापडावी, तीही कोणीतरी अंगावरचे कपडे पळवल्यामुळे!

१९६७मध्ये त्यांचा पहिला मोठा ध्वनिसंग्रह आला. त्यात ट्रॅड जॅझवरच एक तुकडा आहे. बँड मुद्दाम बेसूर, बेताल, उत्साहाने फुटेपर्यंत वाजवतो, कॉलेजच्या नाचात ऐकू यावा तसा. मला तो संग्रहातला सगळ्यात प्रामाणिक तुकडा वाटतो. आपण कुठून आलो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अशी टर बाहेरच्याला जमत नाही.

या बदलात आणखी दोघे गळले: गोल्डस्मिथ्सचा तो व्याख्याता आणि चमचे वाजवणारा तालवादक. विजेची गिटार आणि रॉकचा ढोलताशा आल्यावर त्यांच्या वाद्यांची जागा आक्रसली. निर्णय करच्या जाण्याबद्दल घेतला, पण त्याने नोकरी गेली ती या दोघांची. बँडच्या इतिहासात हे एका ओळीत उरकलं जातं.

परिणाम

बाहेरून पाहिलं तर तिसरा पर्याय साफ यशस्वी झाला. १९६७च्या नाताळात बीटल्सच्या दूरचित्रपटात ते झळकले. लहान मुलांच्या एका साप्ताहिक दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांना कायमची जागा मिळाली. त्या कार्यक्रमातले तीन कलाकार पुढे मॉन्टी पायथन या गाजलेल्या विनोदी मंडळीत गेले. १९६८मध्ये इनिसने लिहिलेलं एक गाणं ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर पोचलं. त्याचा निर्माता पॉल मॅकार्टनी होता, तबकडीवर टोपणनावाने. लेखक म्हणून नाव इनिसचं, मानधनही त्याचंच. दोन वर्षांपूर्वी हेच नव्हतं.

गंमत म्हणजे जुना जॅझ त्यांनी टाकला नाही. मुलांच्या कार्यक्रमासाठी तीच बाजारातली गाणी पुन्हा बाहेर आली आणि १९६९च्या संग्रहात बसली. त्यात हिंदुस्थानात वाघ मारायला निघालेल्या साहेबाचं एक जुनं गाणं आहे. इंग्रजांनी स्वतःच्याच साहेबीची केलेली ही चेष्टा आपल्याला वेगळीच मजा देऊन जाते. १९६६मध्ये ज्या मालापासून पळायचं होतं, तोच तीन वर्षांनी बिनधास्त मांडता आला, कारण आता बँड त्या मालावर जगत नव्हता.

आतून मात्र यंत्र तापत होतं. दौरे थांबत नव्हते, व्यवस्थापकाशी स्टुडिओच्या वेळेवरून खटके उडत होते. १९६९च्या अमेरिका दौऱ्यांतून हाती फारसं लागलं नाही. १९७०च्या सुरुवातीला बँड मोडला. हे १९६६च्या निर्णयाचं फळ म्हणता येणार नाही, पण पूर्णवेळ होण्याच्या निर्णयाचं नक्कीच म्हणता येईल.

न्यू व्हॉडव्हिल बँडने १९६७मध्ये आणखी दोन-तीन गाणी यादीत नेली आणि तो मागे पडला. कर तिथे फार टिकला नाही. त्याच वर्षी त्याने ‘बॉब कर्स व्हूपी बँड’ हा स्वतःचा बँड काढला. आणि त्यात कोण आले? बॉन्झोतून गळलेला तो व्याख्याता आणि तो चमचेवाला. जुनी गाणी, ट्रॅडचा ठेका, मंचावरचा गोंधळ, सगळं १९६५सारखं. हा बँड युरोपभर क्लबांत आणि जॅझ महोत्सवांत दशकानुदशकं वाजत राहिला. जानेवारी २००६मध्ये लंडनच्या ॲस्टोरिया नाट्यगृहात उरलेले बॉन्झो एकत्र आले, तेव्हा करही त्यांच्याबरोबर मंचावर होता. स्टॅनशॉल १९९५मध्येच गेला होता.

वेगळं काय करता आलं असतं

नकार बरोबर होता असंच मला वाटतं. दुसऱ्याच्या नावाने वाजवताना त्यांचा विनोद मेला असता आणि विनोदाशिवाय ते सामान्य वादक होते. पण नकार देण्याची पाळी ज्या तऱ्हेने आली, ती टाळता आली असती.

व्हूपी बँडचं उदाहरण सांगतं की ‘होतो तसंच राहायचं’ हा दुसरा पर्याय मेलेला नव्हता. तो छोटा होता, यादीत चढणारा नव्हता, पण त्यावर माणसं जगली. म्हणजे १९६६मध्ये एका बँडचे दोन होणं अपरिहार्यच असेल, तर ते समजुतीने होऊ शकलं असतं: एक ट्रॅड बाजूचा, एक नव्या गाण्यांचा, वादक गरजेनुसार दोन्हीकडे. त्या व्याख्यात्याला आणि चमचेवाल्याला आधी रिकाम्या हाताने बाहेर पडावं लागलं नसतं. पण त्यासाठी कर गेला त्या आठवड्यात त्याच्यावरचा राग बाजूला ठेवावा लागला असता. पंचविशीतल्या मित्रांकडून ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. कॉलेजात बँड जमवताना कोणी करार करत नाही, आणि करूही नये, गंमत जाते. पण पूर्णवेळ होण्याच्या दिवशी, एजंटच्या कागदावर सही करण्याआधी, आपसात एक साधा कागद करायला हवा होता. नाव कोणाचं, बाहेरून काम आलं तर आधी कोणाला सांगायचं, जाणाऱ्याने काय न्यायचं. एजंटशी करार झाला, एकमेकांशी झालाच नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एप्रिल १९६६मध्ये पार्लोफोनच्या स्टुडिओत जाताना बँडमध्ये गाणं लिहू शकणारी दोन माणसं बसलेली होती, आणि त्यांनी बाजारातून आणलेलं गाणं वाजवलं. स्टीफन्सचं गाणं त्यानंतर आलं. जुन्या बाजात नवं गाणं घालण्याची युक्ती बॉन्झोंच्या हाताशी होती. त्यांचा मंच, त्यांचा कर्णा, त्यांचा ठेका तयार होता. कमी होतं ते एक नवं गाणं, आणि पियानोवर बसणारा इनिस तेव्हाही तिथेच होता.